पाहुण्याचा कम्प्युटर

रविवार, सतरा नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ. ठिकाण: आमच्या घराची समोरची खोली. हजर: मी, माझी बायको, तिचे मोठे भाऊ, म्हणजे गावच्या मंडई मंडळाचे अध्यक्ष, आणि आरमोरीहून आलेले कम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ. गैरहजर: मंडळाचे नवे सचिव, कारण कळवलेले नाही. विषय एकच: घरचा कम्प्युटर फार हळू चालतो, त्याचं काय करायचं.

त्या दिवशी वहीत लिहिलं ते असं. इतिवृत्त लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं. महिनाभरापूर्वी कोजागिरीच्या बैठकीत मला सचिवपदावरून काढलं होतं.

अर्थात ‘काढलं’ हा शब्द कोणी वापरला नाही. मी मूळचा चामोर्शीकडचा. शाळेत लिपिक म्हणून या गावात आलो, इथलीच मुलगी केली, इथेच घर बांधलं. बावीस वर्षं मंडईचं सगळं काम मी पाहिलं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. त्या दिवशी गावात नाटक असतं आणि प्रत्येक घरी पाहुणे उतरतात. नाटक कंपनीची तारीख घेणं, मंडप सांगणं, परवानगीचा अर्ज करणं ही कामं कोणीही करू शकतो. अवघड असतं ते पाहुण्यांना बसवणं. ज्या घरचे पाहुणे पुढच्या रांगेत बसले ते घर वर्षभर मान वर करून चालतं. ज्यांचे मागे गेले ते पुढच्या मंडईपर्यंत सचिवाशी बोलत नाहीत.

माझ्याशी बावीस वर्षांत फक्त एक घर बोलायचं थांबलं, आणि ते अध्यक्षांचं. मागच्या वर्षी त्यांचे व्याही उशिरा आले. उशिरा येणारे तिसऱ्या रांगेत, हा नियम सगळ्यांना होता. मी व्याह्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं.

कोजागिरीला दूध वाटून झाल्यावर अध्यक्ष शाल आणि नारळ घेऊन उभे राहिले. म्हणाले, “जवाईबापूनं या गावासाठी लय केलं. पन जवाई म्हनजे गावचा पाहुना. पाहुन्याकडून किती वर्षं काम करून घ्याचं? पाप लागंल आपल्याले. आता त्यायनं समोरच्या खुर्चीवर बसाचं अन् नाटक पाहाचं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर शाल पडली. जावयाला पाहुणा म्हणणं हा आमच्याकडे मानच आहे, त्यामुळे मला तक्रारही करता येईना. इतक्या आदरानं एखाद्याला बाहेर काढता येतं हे मला त्या दिवशी कळलं. घरी आल्यावर मी वहीत लिहिलं: “आजपासून पाहुणा.” त्याखाली पाहुणा काय काय करत नाही याची यादी केली. अकरा गोष्टी झाल्या. पाहुणा वर्दी द्यायला तहसीलमध्ये जात नाही, मंडपवाल्याला फोन करत नाही, कोण कुठे बसेल हे सांगत नाही.

नवे सचिव आठ दिवसांनी पाहुण्यांना बसवायची यादी मागायला आले. यादी कम्प्युटरमध्ये आहे, असं मी सांगितलं. ते खरं होतं. कम्प्युटर हळू आहे, असंही सांगितलं. तेही खरं होतं. नऊ वर्षांपूर्वी मी तो घेतला तेव्हा गावात दुसरा नव्हता. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या सातबाराच्या, जातीच्या दाखल्याच्या प्रती, लग्नाच्या चित्रफिती, मंडईचे फोटो, सगळं गाव त्यात आणून टाकत होतं. आता घरोघर मोबाईल आले, तरी जड सामान माझ्याकडेच पडून होतं. बटण दाबल्यापासून पहिलं चित्र दिसेपर्यंत पंचवीस मिनिटं लागत. सचिवांना मी खुर्ची दिली, पाणी दिलं. यादी उघडायच्या आत पडदा गोठला. ते चार वेळा आले. तिसऱ्या वेळी त्यांना खुर्चीतच डुलकी लागली. चौथ्या वेळी म्हणाले, “भाऊ, माहं धान चुरायचं पडलं हाय, मी निघतो,” आणि पुन्हा आले नाहीत.

मशीन दाखवायला हवी हे मला गणपतीपासून माहीत होतं. मी दाखवली नाही. शिवाय ती यादी माझ्या वहीतही होती, माझ्याच अक्षरात. वहीबद्दल कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मंडईला चार दिवस उरले तेव्हा अध्यक्ष स्वतः मोटरसायकलवर दुरुस्तीवाल्यांना घेऊन दारात उभे राहिले.

“काय जवाईबापू, मशीन म्हातारी झाली म्हन्ते.”

“मी पाहुना आहो भाऊ. पाहुन्याचं काई अडलं तर गावानं पाहाचं.”

“म्हनून तं मिस्त्री घेऊन आलो.”

“दादा, तू बस,” बायको म्हणाली. “हे असेच बोलून राह्यले कोजागिरीपासून. चहा पाह्यजे काय विचारलं तरी म्हन्तेत, पाहुन्यानं मांगू नये.”

दुरुस्तीवाले पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं, डबा उचलून ओसरीवर नेला आणि रंगाच्या ब्रशनं साफ करायला लागले. आमच्या घरासमोरच खळं आहे. दरवर्षी धान चुरताना, म्हणजे भाताची मळणी करताना, उडणारी धूळ खिडकीतून येते, आणि मशीनवर मी बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकतो तेवढ्यानं ती थांबत नाही. पंख्यातून तुसाचा गोळाच निघाला.

“गुरुजी,” ते म्हणाले. शाळेत नोकरी करणाऱ्या सगळ्यांना लोक गुरुजीच म्हणतात. “यात एखादी कोंबडी बसवली असती तं अंडे देल्ले असते.”

अध्यक्ष हसले. मी हसलो नाही.

साफसफाईनंतर मशीन अठरा मिनिटांत सुरू झाली. सात मिनिटं वाचली, पण यादी उघडताना पुन्हा पडदा गोठला. दुरुस्तीवाल्यांनी इकडेतिकडे पाहून निदान सांगितलं. आतली जागा काठोकाठ भरली होती. मशीनला हलायलाच जागा नव्हती.

“तीन रस्ते हायेत,” ते म्हणाले, आणि मी पेन उघडलं.

पहिला: नवी, वेगवान डिस्क बसवायची आणि सगळं सामान तिच्यावर हलवायचं. हाच बरोबर. पण डिस्क नागपूरहून येणार, सामान हलायला वेळ लागणार, मंडई होऊन जाईल. दुसरा: सगळं पुसून कोरी पाटी करायची. त्यात यादीही जाईल. तिसरा: सगळ्यात जड काय आहे ते काढून टाकायचं आणि आजच्यापुरतं भागवायचं.

“सगळ्यात जड काय हाये?” अध्यक्षांनी विचारलं.

दुरुस्तीवाल्यांनी सामान वजनाप्रमाणे लावलं. सगळ्यात वर अध्यक्षांच्या घरची तीन लग्नं आली. मोठीचं, मधल्याचं, धाकट्याचं. हळद, लग्न, स्वागत समारंभ, सगळं वेगवेगळं. त्यांच्या खाली गावातली बाकीची लग्नं, आणि त्या सगळ्यांची बेरीज केली तरी अध्यक्षांच्या तिन्ही लग्नांएवढी होत नव्हती. धाकट्याच्या लग्नात तर ड्रोन आणला होता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला वाटलं, देव आहे.

सचिव असतो तर मी सांगितलं असतं की शाळेच्या कपाटात बाहेरून जोडायची डिस्क आहे, दोन दिवसांसाठी मुख्याध्यापकांना अर्ज करून आणतो, लग्नं तिच्यावर हलवू. एका अर्जाचं काम होतं. पण पाहुणा अर्ज करत नाही. मी म्हणालो, “भाऊ, निर्णय तुमचा. एकीकडे तुमच्या घरची लग्नं, दुसरीकडे गावची मंडई.”

मला वाटलं होतं ते हात जोडतील. निदान एकदा तरी म्हणतील की जवाईबापू, तुम्हीच काहीतरी मार्ग काढा. ते म्हणाले, “काढून टाका. माह्याजवळ सीडी हायेत.”

“तसं चालत नाई. सही लागंल.”

“सही कायले? घरचेच तं आहो आपन.”

“तुम्ही घरचे. मी पाहुना.”

दुरुस्तीवाले एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहायला लागले. मी वहीत लिहिलं: “माझ्या घरच्या तिन्ही लग्नांच्या चित्रफिती माझ्या संमतीने काढून टाकाव्यात.” वही त्यांच्यापुढे केली. त्यांनी पेन घेतलं आणि सही करता करता म्हणाले, “बावीस वर्षं सचिव होता, पन कागदाची भूक गेली नाई तुमची.”

बायको तेव्हा आत आलूपोहे करत होती. ती आत आहे हे मला माहीत होतं आणि ती बाहेर येईपर्यंत थांबायची मला गरज वाटली नाही.

“मी काढू का?” दुरुस्तीवाल्यांनी विचारलं.

“मी काढतो,” मी म्हणालो.

हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. आधी मोठीची हळद गेली, मग मोठीचं लग्न. वरातीतला घोडा गेला, व्याह्यांना बांधलेले फेटे गेले. ज्या व्याह्यांपायी मला शाल मिळाली ते सगळे रांगेनं माझ्या एका बोटाखालून चालले होते. कचरापेटीही रिकामी करायची का, असं मशीननं विचारलं. मी ‘होय’ दाबलं. वर्षभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मशीन बंद करून पुन्हा लावली. दीड मिनिटात सुरू झाली. अध्यक्षांनी पोह्यांची बशी हातात घेऊन टाळी वाजवायचा प्रयत्न केला. मी यादी उघडली आणि छापून दिली. बहात्तर घरं, घरागणिक पाहुणे, घरागणिक खुर्च्या.

एक रकाना मात्र छापला नाही. तो सगळ्यात उजवीकडचा, ‘शेरा’. बावीस वर्षांचं खरं काम त्या रकान्यात होतं. चौदा नंबरचं घर आणि एकतीस नंबरचं घर यांच्यात बांधावरून भांडण, एका रांगेत नको. नऊ नंबरच्या आणि बावीस नंबरच्या जावयांची लग्नाची बोलणी एकाच मुलीशी झाली होती, मध्ये किमान सहा खुर्च्या. चाळीस नंबरचे मामा पिऊन येतात, कडेची खुर्ची, शेजारी स्वतःचा भाचा. असं सगळं. अध्यक्षांनी यादी मागितली होती, शेरे मागितले नव्हते.

गुरुवारी मंडई झाली. मी शाल पांघरून पहिल्या रांगेत माझ्या मानाच्या खुर्चीवर बसलो. माझ्या मागे नवे सचिव कागद हातात धरून पाहुणे बसवत होते. मी एकदाही मान वळवली नाही. आवाजावरून कळत होतं. आधी चौदा आणि एकतीस. मग नवाचे जवाई मोठ्यानं काही म्हणाले आणि बावीसचे जवाई उठले. नाटक सुरू व्हायला दीड तास उशीर झाला. कंपनीच्या नायकानं पडद्याआडून डोकावून विचारलं, “आमचा खेळ हाय का तुमचा?” हे वाक्य आता गावात म्हण असल्यासारखं वापरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष चालत आले. मी ओसरीवर दाढी करत होतो.

“यादीत काई कमी होतं काय?”

“जे मांगितलं ते देल्लं.”

“तुले माहीत होतं.” तुम्हीवरून ते तूवर आले होते. मला ते आवडलं. पाहुण्याला कोणी तू म्हणत नाही.

“खुर्च्या किती मोडल्या?”

“चार.”

“मंडपवाल्याले कळवा. उशीर केला तं पुढच्या साली येनार नाई तो.”

ते पायरीवर बसले. मी दाढी पूर्ण केली, वस्तरा धुतला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “माहं चुकलं. व्याह्याच्या रागात बोललो. तूच पाह्य बाबा सगळं.”

“इथी पायरीवर म्हनून काय फायदा? काढलं तेव्हा पूर्ण गाव होतं.”

पुढच्या रविवारी बैठक झाली. ते सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की जवाई असला तरी हा मानूस गावचा आहे, सचिव हाच राहील. हे वाक्य म्हणताना त्यांनी खाली पाहिलं. मी इतिवृत्तात त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले, मोठ्यानं वाचून दाखवले आणि सही घेतली. अध्यक्षांबद्दल मला आजही काही पश्चात्ताप नाही. त्यांना जे मिळालं ते त्यांच्या मापाचं होतं.

त्याच संध्याकाळी मी खुशीत घरी आलो. बायको भावाच्या आणि माझ्या समेटानं माझ्याहून जास्त खूश होती. म्हणाली, “मशीन आता लवकर लागते म्हन्ता ना. मंग दादाच्या मोठीची हळद लावा जरा. त्यात माय हाये.”

मी पाय धूत होतो. मी म्हणालो, “काय?”

“माय हाये ना त्यात. आचाऱ्यावर वरडते ते. पौषात वर्ष होते तिले. पाहाव वाटून राह्यलं.”

सासूबाईंना फोटोचं वावडं होतं. कॅमेरा दिसला की पदर ओढून आत जायच्या. त्यांचा एक फोटो आहे, रेशन कार्डावरचा. पण त्या हळदीच्या दिवशी त्या चुलीजवळ उभ्या राहून आचाऱ्याला झापत होत्या, वांग्यात मीठ टाकलं का दोनदा टाकलं म्हणून, आणि मागून चित्रीकरण चालू आहे हे त्यांना कळलंच नाही. तीन-चार मिनिटं तरी असेल. मी ते पाहिलेलं होतं. बायकोबरोबर बसून पाहिलं होतं. बोटाखालून पट्टी सरकत होती तेव्हा मला ते आठवलं नाही. मला फक्त व्याही दिसत होते.

“वायर खराब झाली,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, दोन वर्षांच्या वरचं ठेवत नाही. मग अध्यक्षांच्या सीडीचा तपास केला. त्यांच्या सूनबाईला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, “त्या जुन्या सीड्या काय? मामाजीनं तुरीत बांधल्या ना, पोपटासाठी.”

मी सायकल काढून तुरीच्या वावरात गेलो. बांधाला लावलेल्या काठ्यांवर दोऱ्यानं बांधलेल्या सात सीड्या उन्हात लुकलुकत होत्या. पोपट जरा पलीकडे बसून शेंगा खात होते. एकीवर पेननं लिहिलेलं ‘हळद’ अजून वाचता येत होतं. दुसऱ्या बाजूची चांदी पापुद्र्यासारखी सुटली होती. मी ती खिशात घालून आणली. दोन पावसाळे खाल्लेली सीडी मशीननं आत घेतली, घरघर केली आणि बाहेर टाकली.

शेवटी आरमोरीला फोन लावला. दुरुस्तीवाले म्हणाले, “गुरुजी, तेव्हापासून मशीन किती वापरली?”

“दोनचार वेळा. आज सीडी लावली तेव्हाही.”

“आता हातबी लावू नका. पुसलेलं लगेच मरत नाई. त्याच्यावर नवीन काई लिहिलं गेलं की मरते. निघालं तं नागपूरहून निघंल, नाई तं नाई. महिना-दीड महिना ते ठेवून घेतील. घेऊन या.” आणि फोन ठेवता ठेवता, “वहिनीले सांगून या. डबा घरातून गेलेला दिसंल त्यायले.”

तेव्हापासून दीड मिनिटात सुरू होणारा माझा कम्प्युटर लुगड्याच्या तुकड्याखाली बंद आहे. लोक चौकशी करतात. मंडळाचा हिशेब, पुढच्या वर्षीच्या कंपनीचं पत्र, सगळं मी हातानं लिहितो. बायको विचारते, वायर आणली का. मी म्हणतो, आरमोरीत मिळाली नाही.

अध्यक्षांच्या सहीचा कागद माझ्याकडे आहे. तो तिच्यापुढे ठेवला तर पहिला राग भावावर जाईल, हे मी दोन-तीनदा मनात मांडून पाहिलं आहे. कागदावर त्यांची संमती आहे. बटण कोणी दाबलं ते कागदावर नाही. बावीस वर्षं मी अशीच इतिवृत्तं लिहिली आणि त्यांत कधी कोणी चूक काढली नाही.

वहीत नवी यादी आहे. डबा बांधायला पोतं आणि जुनी चादर: काढून ठेवली, खूण केली. सकाळची सात वाजताची एसटी: कंडक्टरला विचारून ठेवलं, खूण केली. शाळेत किरकोळ रजेचा अर्ज: मंजूर, खूण केली. चौथ्या ओळीवर लिहिलं आहे, “हिला सांगणे.” रजा परवाची आहे.